रिकाम्या खड्ड्याला पानी

लिवा मास्तर. आमचं गाव सांगोल्याच्या अंगाला, नाव सांगून काय करताय, तितं दगडं हैत आन् मेंढरं हैत, आन् मेंढरांच्या मागनं हिंडनारी मानसं हैत, चवथं काय न्हाय. आमी जातीचं धनगर. माजा बा मेंढरं राकायचा, त्येचा बा बी मेंढरंच राकायचा, आन् माजं म्हनाल तर आई म्हनायची की बिरू मेंढरं राकत न्हाय, मेंढरंच बिरूला राकत्यात, कारन मी झोपायचो आन् ती बिचारी माज्या भवतीनं चरायची, लांब जायाची न्हायीत. शाळा म्हंजी काय ते मी सोलापुरात आल्यावर बघितलं, तेबी भाईरनं, भिताडावर चढून, आन् तितल्या मास्तरानं मला आंबं चोरायला आलाय म्हनून हाकललं. चोर म्हनून घ्यायची सुरवात तवापास्नंची बगा.

मी सोलापुरात का आलो तर इजेनं आनलं. व्हय, आभाळातल्या इजेनं. वैशाखात एकदा दुपारच्याला वळीव आला, मी आन् मेंढरं एका बाभळीखाली घुसलो, आन् आमचा एक मेंढा हुता, शिंगाड्या, त्येला माजं तोंड कवाच आवडलं न्हाय, त्येनं मला आशी धडक दिली की मी बाभळीच्या भाईर, उगड्या पावसात, घोंगडं डोस्क्यावर घिऊन त्येच्या सात पिढ्या काडत बसलो, आन् तेवढ्यात कडाडलं आन् इज पडली ती बाभळीवर. मेंढा गेला, मेंढरं गेली, मी ऱ्हायलो. आता कुनीतरी म्हनावं का न्हाय की पोरगं वाचलं, देवाची किरपा? न्हाय! गावात म्हनायला लागले, इजेलाबी कळतं, कामाचं तेवढं नेलं. आन् बा तर त्या मेंढ्यासाठी ढसाढसा रडला आन् मला म्हनला, तूच गुमान तितं बसला आस्तास तर मेंढा तरी भाईर ऱ्हायला आस्ता. आसं आसतंय का कुटं? मंग मी बायकूला, हौसाला म्हनलं, चल, हितं मेंढ्याची किंमत जास्त हाय, आपून सोलापूरला जाऊ.

सोलापुरात तुरीच्या डाळीचा मोठा बेपारी हुता, लिंगायत, लोक त्येला अप्पा म्हनायची, त्येच्या घरी मी गडी म्हनून लागलो. घरात समदी कानडी बोलायची, बाजारात मराठी. अप्पाच्या आईला आमी अव्वा म्हनायचो, कानडीत आईला अव्वाच म्हनत्यात. कपाळाला इबूत, गळ्यात लिंग, आन् आवाज आसा की गल्लीच्या त्या टोकाला कुत्रं उटून बसावं. अप्पाची बायकू गौरावैनी, ती मातर लई गरीब, तिचा आवाज आमी वर्षातनं येकदा ऐकायचो. तिला लेकरू नव्हतं. अव्वाचं समदं दुक त्येच्यातच हुतं आन् समदा रागबी त्येच्यातच. माजं काम काय, तर आडाचं पानी वढायचं, दोन गायींचं श्यान काडायचं, गाडी हाकायची. गोठ्याला लागून एक खोली हुती, तितं मी आन् हौसा ऱ्हायचो. गळायची न्हाय ती खोली. माज्या जल्मात पैली न गळनारी खोली, मास्तर. ती जाऊ नये, येवडंच मी बिरोबाला मागायचो, दुसरं काय मागत नव्हतो.

एकदा मैंदर्गीला अव्वाच्या भावाकडं लगीन निगालं. बाया समद्या निगाल्या, गाडी हाकायला मी, अप्पा कामाचं निमित्त सांगून मागं ऱ्हायला. लगीन खाऊन, चार दीस पावनचार घिऊन माघारी येऊन बघतो तर घराच्या धाब्यावर दोन लांबच्या लांब बांबू उभं, आन् त्येंच्यामदी तांब्याची तार तानलेली, चिनी मातीच्या गोट्या ववून. मी म्हनलं, अप्पा, धुनं वाळत घालायला येवडं उच्च कशाला? अप्पा हासला आन् मला माडीवर नेलं. तितं लाकडाचा डबा. रेडिओ. कान पिळला की त्येच्यातनं खर्रर्र आन् मंग एक बाई गायाला लागली, मुंबईत बसून! मी डब्याच्या मागं जाऊन बघितलं, बाई दिसली न्हाय, तवा मी अप्पाला इचारलं, हिचं जेवनखान कुटनं करायचं? अजून त्येच्यावरनं मला गल्लीत हासत्यात, हासू द्या.

अप्पानं मला दोन कामं लावून दिली आन् दोनी समजावून सांगितली, म्हंजी त्येला वाटलं मला समजली. खिडकीपाशी भितीत एक खटका हुता. आभाळातली तार त्या खटक्यात येती, तितनं डब्यात जाती. दुसरी एक तार खटक्यातनं निगून भितीवरनं खाली परसात उतरती आन् धुन्याच्या दगडापाशी जमिनीत जाती. अप्पा म्हनला, बिरू, आभाळ गुरगुरलं की खटका खाली पाडायचा, म्हंजी वरची तार खालच्या तारंला मिळती, डबा मदनं सुटतो. इज आली तर पावनी म्हनून तिला घरात घ्यायची न्हाय, परस्पर परसात लावून द्यायची. हे मला पटलं, आमची इजेची जुनी वळख. आन् दुसरं काम म्हंजी, ती तार जितं जमिनीत गेली तितं रोज सकाळी एक घागर पानी वतायचं. जमीन वली पायजे म्हनला. आन् अव्वाला सांगू नको बरं का, परसात खांदलंय म्हनून कळलं तर ती मला जेवू देनार न्हाय.

आता हितं लिवा, मास्तर, की खाली काय पुरलंय ते अप्पानं मला सांगितलं न्हाय आन् मी इचारलं न्हाय. पुरताना मी मैंदर्गीला बुंदी खात हुतो. मला वाटलं डबा पानी पितो. का न्हाय? दिवसभर ती बाई गाती, घसा सुकनार, तार म्हंजी तिची नळी. मी लई मायेनं पानी घालायचो, खरं सांगतो, गार पानी घालायचो.

पन उनाळा आला आन् आडाचं पानी गेलं तळाला. गल्लीतल्या बाया आमच्या आडावर यायच्या, अर्दी अर्दी घागर गढूळ पानी, त्येच्यावर भांडनं, आन् त्येंच्या डोळ्यादेकत मी भरली घागर न्यायचो आन् मातीत वतायचो. काय बोलायच्या बाया! एक म्हनली, बिरू, अंगातली रगच जिरवायची आसंल तर आमच्या घागरीत वत की ते पानी. दुसरी म्हनली, आगं जाऊ दे, धनगर हाय त्यो, दगूडबी मेंढरू वाटतंय त्येला. आन् मी काय सांगनार? सांगायची चोरी! डब्यासाठी तोंड बंद करून शिव्या खायच्या, ह्यो कसला न्याव? डब्याला घागर आन् मानसाला गढूळ पानी, तवाच माजं डोस्कं फिरलं हुतं, पन खोलीकडं बघितलं की डोस्कं खाली यायचं.

एक दिवस अव्वानंच धरलं. येनो बिरू, काय रे, रोज मातीला पानी घालतोस, काय पेरलंस? अप्पानं सांगू नको म्हनलेलं. खोटं बोलायला अक्कल लागती, ती माज्याकडं न्हाय, मंग मी आपला इनोद केला. म्हनलं, गानं पेरलंय अव्वा, हितं पानी घातलं की वर माडीवर उगवतंय. आन् मोट्यानं हासलो. अव्वा हासली न्हाय. अव्वा त्या वल्या मातीकडं बघत ऱ्हायली, मंग गौरावैनीकडं बघत ऱ्हायली, मंग माज्याकडं. मास्तर, समद्या रामायनाला ह्यो एक इनोद कारन हाय. मी त्या दिवशी मुका आस्तो तर आज दोन कानांचा आस्तो.

अव्वाच्या मनात आलं काय, की परसात कुनीतरी काय तरी पुरलंय, तितं काय उगवत न्हाय तरी त्येला पानी जातंय, आन् म्हनूनच सुनंची कूस उगवत न्हाय. करनी. आमच्याकडं मानसं लई भित्यात करनीला. घराच्या जमिनीत काळं-पांढरं पुरायचं, घराचा वंस बुडावा म्हनून. तिनं दगडू देवरुषाला बोलवनं धाडलं. अप्पाला देवरुषाचं वावडं, त्येनं त्येला आदी एकदा दारातनं हाकललेलं, तवा अप्पा बार्शीच्या बाजाराला गेलेला दीस धरून दगडू आला. डोळ्यात काजळ, गळ्यात कवड्या, आन् प्वाट आसं की कुनाच्यातरी कोंबड्या अजून आत कोकत असत्याल. त्येनं परसात फेऱ्या घातल्या, लिंबू फिरवलं, आन् वल्या मातीपाशी थांबला. न थांबून काय करतोय, समदं परस कोरडं ठक्क, तेवडीच जागा वली! आन् मला म्हनला, खांद.

म्हंजी खड्डा मीच खांदला, हे बी लिवा.

कमरंइतकं खाली गेलो तर कोळसं लागलं. काळं कोळसं, त्येच्याखाली मिटाचं खडं, मूटभर न्हाय, पाटीभर मीठ! परत कोळसं, परत मीठ, आन् त्येच्याखाली परातीयेवडा तांब्याचा जाड पत्रा, आन् आपली ती तार त्या पत्र्याला भोक पाडून बोल्टानं घट्ट आवळलेली. काळं, पांढरं आन् तांबडं! दगडूनं डोळं पांढरं केलं, अव्वा अय्यो शिवा अय्यो शिवा म्हनून खालीच बसली, आन् तुमाला सांगतो, समद्यात मोट्यानं कोन बोंबललं आसंल तर मी. करनी करनी म्हनत मी खड्ड्यातनं आसा भाईर आलो की येताना फावडं आत आन् धोतराचा सोगा फावड्यात. कारन मला कळलं ना, की डबा जितं पानी पितो ती जागा कुनीतरी हेरली आन् बरूबर त्येच्या तोंडाला करनी बांदली, आन् मी येडा रोज सकाळी गार पानी घालून ती वाडवत हुतो!

त्या मिस्त्रीनं, रेडिओवाल्यानं, इजेला जमिनीत जायाला सोपं जावं म्हनून मीठ आन् कोळसा घालून पत्रा पुरला हुता, हे आमाला कोन सांगनार? ज्येला ठावं त्यो बार्शीत तुरी मोजत हुता.

दगडूनं दगडानं ठेचून तार तोडली. म्हनला पत्रा, मीठ, कोळसं, समदं मी तळ्यात बुडवतो, मागं बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय, घरच्या करत्या पुरुषाच्या कानावर गेलं तर करनी दुप्पट होऊन माघारी येती. अव्वानं खड्डा बुजवायला लावला, तारेचं टोक वीतभर मातीत खुपसलं, वर माती सारली, वरनं पानी मारलं. लेकाला कळायला नको. मला वाटलं चला, डब्याचं तोंड तरी मोकळं झालं. आन् मंग अव्वा माज्याकडं वळली. भंडारा उचल म्हनली.

भंडारा म्हंजी आमच्या बिरोबाची हळद, मास्तर. धनगरानं त्यो हातात घिऊन काय बोलला की त्यो बांदला गेला, मंग मान कापली तरी शबूद मोडायचा न्हाय. अव्वा लिंगायत आसून तिला हे ठावं हुतं. मी हौसाच्या डबीतला भंडारा आनला, हौसानं काय इचारलं, म्हनलं तू नगं इचारू. आन् उचलला. परसात काय निगालं, कुनी खांदलं, कोन आलं हुतं, कुनालाबी सांगनार न्हाय. जवर अव्वा भंडारा परत घेत न्हाय तवर. आता बगा माजी गत. ल्योक म्हनतो आईला सांगू नको, आई म्हनती लेकाला सांगू नको, आन् मदी मी, दोनी बाजूनं खिळा मारलेली फळी.

चार दिसांनी दगडू ताईत घिऊन आला, करनी उलटू नये म्हनून. तांब्याचं तुकडं, वर कायबाय वरबडलेलं, काळ्या दोऱ्यात. एक अव्वाच्या दंडाला, एक गौरावैनीच्या गळ्यात. मला कुनी देत नव्हतं, मी मागून घेतला! म्हनलं मी त्या करनीला पानी घातलंय, मला जादा भ्या हाय. हौसाची अंड्यावरची कोंबडी दिली त्येच्यापायी. लई जाड तांबं हुतं, मी म्हनलं बगा, देवरुशी मनानं मोटा.

आन् सकाळी उटून घागर चालूच. खाली काय न्हाय, रिकामा खड्डा, तरी पानी! कारन अप्पा खिडकीतनं बघायचा. डबा आता निस्ता खरखरायचा, बाई गायाची ती आदनात पडल्यावानी. अप्पा म्हनला, बिरू, जमीन सुकली वाटतं, दोन घागरी वत. मी दोन वतल्या. बाया दुप्पट शिव्या द्यायला लागल्या. मला सांगा, मी कुनाचं काय घोडं मारलं हुतं?

मंग वैशाखातली एक दुपार. आभाळ काळं निळं झालेलं, वारं पडलेलं, आन् अप्पानं गल्लीतल्या मानसांना गानं ऐकायला बोलवलेलं. खाली अंगनात निम्मी गल्ली, वर माडीवर बेपारी. आभाळ गुरगुरलं. आन् मी, छाती काडून, समदी बघतायत म्हनून जरा जास्तच छाती काडून, माडीवर गेलो, म्हनलं सरका सरका, आता पावनी यायाची, आन् खटका खाली पाडला. आसा खाड्दिशी पाडला. मला वाटलं बा ने बघायला पायजे हुतं.

खटक्यावरनं हात काडायच्या आत ती आली.

आवाज मी ऐकला न्हाय. उजेड बघितला, निळा, खटक्यातनं डब्याकडं उडी मारताना. मंग मी जिन्याच्या खाली, पाटीवर पडलेलो. समदं घर धुरानं भरलेलं, दिव्यांचं काचंचं भोपळं फटाफट फुटलेलं, डब्याचं कपाळ उलून आतनं वाफ, आन् माजी मिशी, मास्तर, एका बाजूची मिशी गेलेली. मला वाटलं मी मेलो. हौसा माज्या छातीवर पडून रडत हुती, तवा वाटलं खरंच मेलो, कारन जित्तेपनी ती माज्यासाठी कवा रडली न्हाय. आन् अप्पा धावत आला, वाकला, माज्या तोंडाजवळ तोंड आनलं. मला वाटलं इचारनार, बिरू, हायस का? अप्पा म्हनला, खटका पाडला हुतास का न्हाय?

हे लिवा. मोट्या अक्षरात लिवा. बा ला मेंढा, अप्पाला डबा.

डावा कान त्या दिवसापास्नं गेला तो गेलाच. तुमी म्हनून ह्या बाजूला बसलाय.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, इब्राहिम मिस्त्री, त्येनंच डबा बसवलेला. गल्ली परत गोळा, परसाच्या दाराशी. मिस्त्रीनं खटका बघितला, म्हनला, खटका तो नीचेच हय अप्पासाब, इसने बराबर गिराया. मी हौसाकडं बघून मान ताठ केली. लई येळ ताठ ऱ्हायली न्हाय. मिस्त्री परसात गेला, भितीवरची तार धरून वढली, आन् ती आली की हातात, उंदराच्या शेपटीवानी. येवडीशी तार मातीत, म्हनला, बिजली जायेगी किदर? जमीन नय मिली तो घरमेंच घुसेगी ना! आन् खांदायला लागला. कमरंइतकं खांदलं. कोळसं न्हाय, मीठ न्हाय, पत्रा न्हाय. मिस्त्री वर बघून म्हनला, अप्पासाब, मेरा पत्रा किदर हय? किसने लिया?

समदी माज्याकडं बघायला लागली. समदी. रोज तितं पानी कोन घालत हुतं? बिरू. आडावरची एक बाई म्हनलीबी, तरीच मी म्हनते, तांबं पिकवत हुता मेला.

मी खड्ड्यात वाकून बघितलं, खरंच काय न्हाय का म्हनून, मीच काडलेलं हाय हे इसरून वाकलो बगा, येवडा मी शाना, आन् वाकताना गळ्यातला ताईत भाईर लोंबला. मिस्त्रीनं झपकन धरला. उलटा केला. त्येच्या कडंला आर्दं भोक हुतं, गोल, बोल्ट घालायचं. ये छेद तो मेरे हातका हय, म्हनला.

चोरीचा माल चोराच्या गळ्यात! आसा चोर कुनी बघितलाय का, जो चोरलेलं तांबं दोऱ्यात ववून मिरवतो? पन हे त्या टायमाला कुनाच्या ध्यानात आलं न्हाय, माज्याबी न्हाय. अप्पाचं तोंड लाल. कुटनं आनलास? म्हनलं, दगडू देवरुषानं दिला. ताईत चार दिसांनी आलेला, येवडं बोलायला भंडाऱ्याची आडकाठी नव्हती. अप्पा म्हनला, मंग त्येला तूच इकलास पत्रा. एका तुकड्यापायी माजं घर जाळलंस. ह्या घरचं मीठ खाल्लंस ना तू?

ह्या घरचं मीठ! पाटीभर मीठ मी माज्या हातानं उपसलं हुतं, आन् सांगता येत नव्हतं.

हौसा मला हालवत हुती, आवो बोला की, तोंडात काय भाकर हाय का, कोन आलं हुतं, भंडारा कशापायी नेला हुता? अव्वा मागल्या दारात उभी, दंडावर पदर घट्ट वढलेला. मी तिच्याकडं बघितलं. ती तुळईकडं बघत हुती. एक बोट उचलायचं हुतं मला, मास्तर, तिच्या दंडाकडं, येक बोट. खोली दिसत हुती, न गळनारी, हौसाचं लुगडं दोरीवर वाळत घातलेलं. पन हातात ती हळद अजून हाय आसं वाटलं. मी बोट उचललं न्हाय. आन् बोलायच्या जागी मला काय सुचलं, तर मी म्हनलं, अप्पा, मी तांबं खातो. तसा मी मूर्खच. कुनी हासलं न्हाय. अप्पा म्हनला, उचल तुजं बोचकं.

तवा आवाज आला, आन् आमाला कळंना ह्यो कुनाचा आवाज. गौरावैनीचा. वर्सातला एक आवाज तिनं त्या दिवशी काडला. ती सरळ धुन्याच्या दगडापाशी आली, डोईवरनं दोरा काडला, ताईत दगडावर ठेवला. म्हनली, माज्याबी गळ्यात हाय. मला बी बोचकं उचलायला सांगा.

मिस्त्रीनं माजा तुकडा तिच्या तुकड्याला लावून बघितला. माजं आर्दं भोक आन् तिचं आर्दं भोक, समदं भोक झालं.

अप्पा आईकडं वळला. अव्वा, म्हनला, निस्तं येवडंच. अव्वा म्हनली, सुम्म इरो, म्हंजी गप ऱ्हा, पन तो आवाज कुत्रं उटवनारा नव्हता. पदर खाली आला. दंडावरचा तांब्याचा तुकडा आमी समद्यांनी बघितला, म्हंजी परसात हुतो तेवड्यांनी. गल्ली परसाच्या दाराभाईर हुती. तिला माजा गळा दिसला हुता, वैनीचं हळू बोलनं आन् अव्वाचा दंड न्हाय.

आन् अप्पानं काय केलं? भाईर गेला, दारात उभा ऱ्हायला, म्हनला, जावा आता समदी, पत्रा घावला. घावला म्हनला! कुनाकडं घावला ते म्हनला न्हाय, कुनी काडला ते म्हनला न्हाय, बिरूनं घेतला नव्हता हे चार शबूद त्येच्या तोंडातनं निगालं न्हायीत. आईची आब्रू गल्लीत जायाची. माजी गेलेली चालती, गड्याच्या आब्रूला किंमत कसली! गल्ली समजायचं ते समजली आन् घरला गेली. मंग अप्पा आत आला आन् मला मवाळपनानं म्हनला, बिरू, ऱ्हा तू हितं, खोली तुजीच हाय, फकस्त झाल्यालं भाईर बोलू नको. भंडारा उचल.

पैल्यांदा माज्या डोस्क्यातनं धूर निगाला, इजेनं निगाला नव्हता तेवडा. म्हनलं, अप्पा, एकदा उचलला त्यात कान गेला, दुसऱ्यांदा उचलला तर तुमी काय जोडून देनार? आन् बोचकं माजं मीच उचललं. हौसा मागनं. गायींनी तेवडं हंबरून दावलं. दगडू देवरुशी? त्यो त्याच राती गेला म्हनत्यात गुलबर्ग्याकडं, तळ्यात बुडवायला निगाला तो रस्ता चुकला आसंल.

आता मी बाजारात हमाली करतो. पाटीवर वझं घ्यायाला दोन कान लागत न्हायीत. ही खोली गळती, बगा, तुमच्या टोपीवर थेंब पडला. पोरं मला तांब्या म्हनत्यात. नवं गिऱ्हाईक आलं की जुना हमाल कोपर मारून सांगतो, वझं दे, पन तांब्याची भांडी दिऊ नको. आन् मी इतकी वर्सं गप हुतो, कारन भंडारा अव्वाकडं हुता.

गेल्या साली ती आली. चालत, काठी टेकत, ह्या दारात. लिंगायताची म्हातारी धनगराच्या खोपटात, हौसाला बसायला काय द्यावं कळंना. अव्वानं पानात हळद आनली हुती. माज्या कपाळाला लावली, आन् वाकून माज्या कानात कायतरी बोलली. लई येळ बोलली. डोळ्यात पानी. पन बोलली ती डाव्या कानात, मास्तर! आता तिला मदीच कसं सांगावं की अव्वा, हिकडनं बोला? मी आपली मान हालवत ऱ्हायलो. ती गेल्यावर हौसाला इचारलं, काय म्हनली? हौसा म्हनली, तुमचा भंडारा परत घेतला, आता कुनालाबी सांगा म्हनली. आनी? तर हौसा म्हनती, बाकीचं तुमच्यासाटी हुतं, मी कशाला ऐकू.

तवापास्नं मी सांगतोय. आडावर सांगितलं, बाजारात सांगितलं, आन् करनी म्हनून मी खड्ड्यातनं पळालो हितवर आलो की मानसं पोट धरून हासत्यात, म्हनत्यात, बिरू, काय बनवतोस रे! मी जल्मभर खोटं हासवलं, ते समद्यांनी खरं मानलं. आता खरं सांगतो तर हासत्यात. तुमी न हासता लिवताय, तुमचं भलं होऊ दे.

अप्पाच्या घरी नवा डबा हाय. नवा पत्रा, नवं मीठ, नवा कोळसा. पुरताना अव्वा सोता खुर्ची टाकून खड्ड्याच्या काटावर बसली हुती म्हनं, मिस्त्रीला प्रत्येक खडा दावून टाकायला लावला. आन् रोज सकाळी तितं पानी ती घालती, तिच्या हातानं, तांब्याभर तांब्याभर करून, गडी ठेवला न्हाय त्या कामाला. मी वझं घिऊन त्या बाजूनं जातो तवा दिसती भिताडावरनं. ती बघती, मी बघतो. मी भिताडावर चढत न्हाय आता, लोक म्हनत्याल परत तांब्याला आला.

इजेवर माजा राग न्हाय. तिला वाट दिली आस्ती तर ती गुमान गेली आस्ती. राग हाय तो दुसऱ्यांवर, आन् त्योबी आता एका कानानंच ऐकतो. तुमच्या घरात डबा आसंल तर मास्तर, खड्ड्याला पानी घाला, उनाळ्यात दोन घागरी घाला, आन् कुनी शिव्या दिल्या तर खाली काय पुरलंय ते सांगून टाका. तुमच्या घराची जमीन सदा वली ऱ्हावो, आन् पावनी आली तर दाराबाहीरनंच जावो. च्या घ्या, निवला. ह्या बाजूला सरका, तितं गळतंय.